आठ छिद्रांचं निशाण

वस्तू: रेशमी निशाण, एक. लांबी चार फूट, रुंदी तीन फूट. मूळ रंग निळा, आता राखेसारखा.

मिळाल्याचं ठिकाण: शत्रूच्या ताब्यातली टपाल कचेरी.

मिळवणारा: माझे वडील.

(खोडलं. असं लिहीत नाहीत.)

मिळवणारा: पलटणीचा एक जवान.

स्थिती: भोसकलेलं. आठ ठिकाणी.

*

पलटणीच्या संग्रहालयात मी जुन्या कापडांचं काम करते. एकोणीस वर्षं झाली. तळमजल्यावर माझी खोली आहे. एक लांब टेबल, त्यावर मऊ फळी, खिडकीपाशी भिंग, भिंतीवर सुया, चिमटे, टोचे. इथे येणारं कापड कोणाच्या तरी अंगावरून उतरलेलं असतं, आणि माणूस ते सहसा स्वतःहून उतरवून देत नाही. गोळीचं भोक, तलवारीची चीर, जळकी कड मी नुसत्या बोटाने ओळखते. गंज कुठला आणि रक्त कुठलं, हे मला झोपेतून उठवून विचारा.

या निशाणावरून दोन सरकारांचं अकरा वर्षं भांडण चाललं होतं. ते म्हणायचे, आमचं निशाण द्या. आपण म्हणायचो, आधी आमची तोफ द्या. ते म्हणाले, तोफ कधीच वितळवली. मग ती एका शाळेच्या आवारात सापडली, पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळत होती. शेवटी ठरलं: तोफ इकडे, निशाण तिकडे, तारीख अमुक, वेळ सकाळी अकरा. निशाण ज्याने जिंकलं त्यानेच स्वहस्ते परत करायचं, अशी अट पलटणीने वरून घालून घेतली. जिवंत असेल तर.

बाबा जिवंत आहेत. चांगले ठणठणीत आहेत.

देण्याआधी अहवाल करावा लागतो. प्रत्येक डाग, प्रत्येक भोक, तुटलेला प्रत्येक धागा त्यात लिहायचा. घेणारा तो कापडाशी ताडून बघतो आणि सही करतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तुम्हीच फाडलंत. माझ्या अहवालात आजवर एक शब्द खोटा गेलेला नाही. एका घायाळ सेनापतीच्या कोटावरचा डाग चहाचा आहे असं मी लिहिलं, तेव्हा संग्रहालयाचे साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

*

आठ वार, घरी सांगत तसे.

निशाणवाला कपाटाएवढा होता. निशाण त्याने अंगाला गुंडाळून घेतलं होतं आणि तसाच लढत होता. बाबांनी पहिला वार खांद्यात केला. त्याने निशाण सोडलं नाही. दुसरा दंडात. नाही सोडलं. तिसरा कुशीत, चौथा मांडीत, पाचवा पोटात. पाचवा खाऊनसुद्धा त्याने बाबांचा गळा धरला. सहावा, सातवा कुठे बसला ते बाबा दरवर्षी वेगळं सांगत. आठवा छातीत. मग सोडलं.

"आणि बाकीचे?" असं आई एकदा विचारून बसली होती. तिथे सात जण होते, हे तिला माहीत होतं.

"ते पण लढता लढता गेले," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

तेव्हापासून पलटणीच्या बाहीवर आठ पट्ट्या आहेत. वर्धापनदिनाला नगाऱ्यावर आठ ठोके पडतात. बाबांना जुने लोक अजून 'आठघावे' म्हणूनच हाक मारतात. दादा आणि मी लहानपणी हेच खेळायचो. फूटपट्टी म्हणजे संगीन, आईची चादर म्हणजे निशाण. मी धाकटी, म्हणून शत्रू कायम मीच. चौथ्या वारापर्यंत मला कंटाळा यायचा आणि मी मरून पडायचे. दादा चिडायचा. आता तो त्याच पलटणीत आहे आणि बाहीवर त्याच पट्ट्या घालतो.

आणखी एक नियम. या निशाणाला घडी घालायची नाही. हरलेलं निशाण घडी होऊन जातं, जिंकलेलं पसरून राहतं, असं बाबा म्हणायचे. तेव्हाच्या सुभेदारांकडून हा नियम त्यांनीच करून घेतला होता. एकेचाळीस वर्षं ते काचेमागे ताणलेलं होतं. मध्ये संग्रहालयाची इमारत बदलली तर दरवाजांच्या चौकटी काढल्या, पण घडी घातली नाही.

*

छिद्र क्र. १. रुंदी सव्वीस मिलिमीटर. धाग्यांची टोकं मागच्या बाजूला गेलेली. रक्त अगदी थोडं.

छिद्र क्र. २. पंचवीस. टोकं पुढच्या बाजूला.

छिद्र क्र. ३. चोवीस. टोकं मागे.

छिद्र क्र. ४. तेवीस. टोकं

इथे माझं पेन थांबलं.

संगीन कापडातून जाते तेव्हा धागे आपल्याबरोबर पुढे ढकलत नेते. धाग्यांची टोकं जिकडे, तिकडे संगीन गेली. म्हणजे चार वार निशाणाच्या पुढून होते आणि चार मागून. बाबा काय त्याच्याभोवती फेर धरून नाचत होते?

बाबा तिथेच बसले होते, स्टुलावर, खिडकीला पाठ करून. निशाण काचेतून काढल्यापासून रोज दुपारी येत होते. निरोप द्यायला येतो म्हणायचे. निरोप कसला, भांडायलाच.

"रक्त सांडून आणलंय," ते म्हणाले. "परत द्यायला ती काय उसनी आणलेली साखर आहे?"

"तोफ मिळतेय ना बदल्यात."

"पोरांनी घसरून घसरून गुळगुळीत केलेली. ती तुझ्या साहेबाच्या बोडक्यावर ठेव."

"बाबा, त्याचं तोंड कुणीकडे होतं?"

"कुणाचं?"

"निशाणवाल्याचं."

"माझ्याकडे. मग काय पाठीत मारीन?"

"आठही वेळा?"

त्यांनी रुमालाने मान पुसली.

टेबलावर पाहुणीचं पत्र पडलं होतं. पाहुणी म्हणजे तिकडच्या संग्रहालयाची बाई, माझ्यासारखंच काम करणारी, निशाण घ्यायला तीच येणार होती. तिने लिहिलं होतं की ताब्यात घेतल्यावर निशाणाची आमच्या रिवाजाप्रमाणे घडी करू. लांबीतून दोनदा, मग मधोमध एकदा. खाली आकृती. जुनं रेशीम घडीवर तडकतं, म्हणून ते ही घडी सोसेल का, एवढंच मला बघायचं होतं. भिंग लावलं तर रेशमावर घडीच्या पुसट रेघा आधीपासून होत्या. आकृतीतल्याच ठिकाणी.

रेशमाला हात न लावता मी वर पातळ कागद अंथरला. आठही छिद्रं कागदावर उतरवून घेतली, कापली. मग कागदाची घडी घातली. दोनदा लांबीतून, एकदा मधोमध.

आठ पदर. आठ छिद्रांचं एकच भोक झालं. मी त्यातून टोचा घातला तर तो कुठेही न अडता खाली फळीत रुतला.

सव्वीस मिलिमीटरचं सगळ्यात वर. एकोणीसचं सगळ्यात खाली, छातीला लागून, सगळ्यात जास्त रक्ताचं. संगीन टोकाकडे निमुळती असते.

"घडी घालायची नाही म्हणून सांगितलंय ना," बाबा म्हणाले. ते कधी उठून माझ्या मागे आले होते, मला कळलंच नाही.

"हा कागद आहे."

"कागदालासुद्धा नाही."

"बाबा, एकच वार आहे हा."

त्यांनी फळीतला टोचा उपटला. मला वाटलं जागेवर ठेवतील. शिस्तीचा माणूस, कधी वस्तू इकडची तिकडे ठेवणार नाही. त्यांनी तो मुठीत उलटा धरला आणि निशाणावर मारला. मी हात मध्ये घातला. विचार करून नाही घातला, एकोणीस वर्षांची सवय, कापडावर काही पडतंय असं दिसलं की हात जातो.

टोचा उजव्या हातातून आरपार गेला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून, निशाणातून, फळीत. आवाज ओला कपडा आपटल्यासारखा. दुखलं ते नंतर. आधी फक्त दिसलं की माझा हात टेबलाला ठोकलेला आहे.

त्यांनी टोचा उपसला आणि पुन्हा मारला. या वेळी मोकळ्या जागी. पुन्हा मारला. रेशीम फाटताना किंचाळतं, बारीक, उंदरासारखं.

"मोज आता," ते म्हणाले. "मोज किती ते. जुळव घडी."

"अकरा," मी म्हणाले. "नवीन तीनही एकेरी आहेत. कडा कोऱ्या आहेत. कोणीही ओळखेल."

मग त्यांना माझा हात दिसला. टोचा खाली पडला. ते स्टुलावर बसले. मी डाव्या हाताने पट्टी गुंडाळत होते, दात लावून गाठ मारत होते. त्यांनी मदतीला हात पुढे केला, तो मी बाजूला सारला.

*

जवानाचा जबाब (अहवालात जागा नाही).

आम्ही दोघं आत शिरलो. मी आणि माझा जोडीदार. त्याला पुढच्याच महिन्यात तोफेचा गोळा लागला. आत सात जण. बंदुका त्यांनी आधीच खाली ठेवल्या होत्या, काउंटरपाशी, ओळीने, शाळेत छत्र्या ठेवतात तशा. पुढचा चष्मेवाला. कपाटाएवढा वगैरे नव्हता. तुझ्या आईच्या उंचीचा. डाव्या हाताने घडी छातीशी धरलेली. काहीतरी बोलत होता, सावकाश, जसं बहिऱ्याशी बोलतात. मग त्याने उजवा हात कोटाच्या आत घातला.

मला वाटलं पिस्तूल.

मी मारली. दस्त्यापर्यंत गेली. तो संगिनीवर तसाच उभा राहिला, माझ्या तोंडासमोर तोंड, चष्मा माझ्या नाकाला लागत होता. मला ती निघेना. बरगडीत अडकली होती. मी पाय त्याच्या पोटावर ठेवून ओढली, तेव्हा तो सुटला आणि हात कोटातून बाहेर आला.

हातात पेन्सिल होती. आणि एक कागद. त्यांच्याकडे निशाण ताब्यात दिलं की घेणाऱ्याची सही घ्यावी लागते म्हणे. हे मला पुढे कळलं. कागद मी जाळला.

"आणि बाकीचे सहा?"

ते विचारू नकोस.

"त्यांनी बघितलं होतं म्हणून?"

विचारू नकोस म्हटलं ना, ताई. हे तू लिहिलंस तर तिकडे काचेखाली माझं नाव लावतील. हात वर केलेल्याला मारणारा. दादा त्या पट्ट्या कुठल्या तोंडाने घालेल? लिहिलंस तर मी तुला मेलो.

*

हाताला सात टाके पडले. दवाखान्यात बाबांनी सांगितलं की पोरीच्या हातून टोचा निसटला. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या खोलीत आले, निशाण बघितलं, खुर्ची ओढून बसले.

"हे बघ. छिद्रं आठ, कारण चकमक. एकेचाळीस वर्षं हेच लिहिलेलं आहे. तू कशाला पाय अडकवतेस?"

"आता अकरा आहेत."

"तीन रफू कर."

मी पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला. "कोणत्या हाताने?"

"मग डाव्याने अहवाल तरी कसा लिहिणार आहेस?"

"हळूहळू," मी म्हणाले.

आणि हळूहळूच लिहिला. पूर्ण दुपार लागली. डाव्या हाताचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. तीनदा थांबले. एकदा हात दुखला म्हणून. एकदा दादाचा फोन आला म्हणून. तो म्हणाला, उद्या बाबांचा फोटो नीट काढ, गणवेशातला. एकदा नुसतीच थांबले. बाबांनी मला सायकल शिकवली होती, ताप आला की रात्रभर कपाळावर घड्या बदलल्या होत्या, आणि चष्मेवाल्याच्या पोटावर पाय ठेवला होता. तीनही गोष्टी एकाच माणसाच्या. अहवालात रकाना एकच असतो.

*

सकाळी अकरा. वरच्या मजल्यावरची लांब खोली. बाहेर वादक पलटणीची धून पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते. टेबलाच्या एका बाजूला साहेब, मी, आणि गणवेशातले बाबा. दुसऱ्या बाजूला पाहुणी, एकटी. माझ्याच वयाची. सपाट चपला, गळ्यात भिंग. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली होती.

"आपल्या हातास काय झाले?" तिने विचारलं.

"पान तीनवर आहे."

ती वाचायला लागली. घाईने वाचणारी नव्हती. पान उलटलं. बाबा सरळ उभे होते, हनुवटी वर, नजर भिंतीवर. पान तीन आलं. मला ते पाठ होतं.

*छिद्रं १ ते ८: संगिनीचा एकच वार, निशाणाची आठपदरी घडी छातीशी धरलेली असताना. छिद्रं ९ ते ११: टोचा, हस्तांतराच्या दोन दिवस आधी दुपारी, याच इमारतीत, ज्याने निशाण आणलं त्याच्याच हातून. क्र. ९ भोवतीचं रक्त अहवाल लिहिणारीचं.*

साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हा मसुदा आहे," ते म्हणाले. "चुकून आला."

"मसुदा नाही," मी म्हणाले. "खाली माझी सही आहे."

पाहुणीने पानं बाजूला ठेवली. निशाण उचललं आणि फार हळू घडी घातली. लांबीतून एकदा, दोनदा, मग मधोमध. भोक वर आलं. तिने त्यात बोट घातलं, पेरापर्यंत, आणि तसंच ठेवलं. मी बाबांकडे बघितलं नाही.

"आमच्याकडे सात नावांची यादी आहे," ती म्हणाली. "सातही घरी आजवर 'बेपत्ता' असेच सांगतात. मला हे वस्त्र हवे आहे. परंतु मी त्यासाठी आलेली नाही." मग ती बाबांकडे वळली. "ते कुठे आहेत?"

साहेब म्हणाले, "बाई, याचा आजच्या कार्यक्रमाशी काही—"

"मागच्या अंगणात," बाबा म्हणाले. भिंतीकडे बघतच. "चुन्याचा खड्डा होता. सातही जण."

"कसे गेले?"

"हे कशाला हवंय तुम्हाला?"

"घरचे प्रथम हेच विचारतात."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. लहान मूल जसं दुसऱ्याच्या घरी पाणी मागण्याआधी आईकडे बघतं, तसं. मी खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. ते बसले.

"चष्मेवाला यात लिहिलाय," ते म्हणाले. "दुसरा उंच होता. हात वर केले होते. हात वर असले की बरगड्या उघड्या पडतात. सोपं जातं." पाहुणीने पेन काढलं. "तिसरा काउंटरवरून उडी मारत होता. जोडीदाराने त्याला पायाला धरून खाली ओढला. मी पार्सल तोलायचं वजन घेतलं, पाच किलोचं. डोकं लगेच फुटत नाही. लोकांना वाटतं लगेच फुटतं. मी चार वेळा मारलं. चौथ्यांदा वजन हातातून निसटलं, इतकं ओलं झालं होतं."

साहेब उठून खिडकीशी गेले आणि वादकांना थांबा म्हणून हात केला. धून अर्ध्यावर तुटली.

"चौथा टपालाच्या थैल्यांत शिरला. कोणत्या थैलीखाली आहे ते कळेना. म्हणून सगळ्या थैल्या भोसकल्या. एका थैलीतून आवाज आला, मग तिथेच. संगीन बाहेर काढली तर तिच्यावर पाकिटं ओवलेली होती. ती मला हाताने एकेक काढावी लागली. पाचवा दारातून निघाला होता. डोकं बाहेर गेलं होतं, अंग आत. जोडीदार दारावर रेलला. मी पण रेललो. दोघंही. दार लागेपर्यंत."

पाहुणी लिहीत होती. एकेक अक्षर, माझ्या डाव्या हातासारखं दाबून.

"सहाव्याने माझे पाय धरले," बाबा म्हणाले. "बुटांवर डोकं ठेवलं. मी म्हटलं, ऊठ. त्याला खूण कळली. उठला. मला वाटलं, आता सोडावा. खरंच वाटलं. जोडीदार म्हणाला, मग चष्मेवाल्याचं काय सांगायचं? तेव्हा मारला. उभा असताना. समोरून."

गणवेशाची कॉलर त्यांनी दोन बोटांनी सैल केली. ओठांवर पांढरी साय आली होती.

"पुरे ना, ताई," ते म्हणाले. पाहुणीला नाही, मला.

मी तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि डाव्या हाताने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सगळं प्यायले. ग्लास रिकामा होईपर्यंत मी थांबले. मग तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सातवा," मी म्हणाले.